चहा कोणी ओतला

आमची संयोगिता सिनेमाला संगीत देते. हे वाक्य मी भाजीवालीपासून डोळ्याच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय, आणि दर वेळी अशा थाटात, की जणू पोरीच्या हातात गिटार मीच दिली. खरं सांगायचं तर तिच्या वाटेत जिथं जिथं वळण आलं, तिथं तिथं मी आडवी पडले होते. ती मला ओलांडून पुढं गेली, एवढाच काय तो माझा हातभार.

आम्ही मूळचे हुपरीचे. तिथं घरोघरी चांदीचं काम, आणि माझा उभा जन्म पैंजणाच्या कड्या जोडून सांध्यांना झाळ, म्हणजे वितळवलेला हलका धातू, देण्यात गेला. मुलानं, हंबीररावानं, कोल्हापुरात गुजरीत चांदीचं दुकान घातलं तसे आम्ही मंगळवार पेठेत राहायला आलो. संयोगिता त्याची एकुलती एक. पेठ मला आक्का म्हणते म्हणून तीही आक्काच म्हणते. आजी म्हणवून घ्यायची माझी हौस राहूनच गेली.

दहावीला मार्क चांगले पडले तेव्हा बापानं विचारलं, काय पाहिजे? पोरीनं विजेवर चालणारी गिटार मागितली. मी मध्ये तोंड घातलंच. "अगं, मिक्सर माग की. तो पण विजेवरच चालतोय, आणि घरात कामाला येईल."

गिटार आली. पहिले दोन दिवस तिचा आवाज डास गुणगुणल्यासारखा. शेजारची धोंडुबाई, जिच्या आणि आमच्या मध्ये एकच भिंत, तिला मी छातीला हात लावून सांगितलं, "निवांत ऱ्हा. आवाजच न्हाय त्या यंत्राला." तिसऱ्या दिवशी पोरीनं एक काळा डबा आणला, त्याला गिटारची तार जोडली आणि एकदाच हात मारला. धोंडुबाईच्या मांडणीवरचा तांब्या खाली आला. तो तांब्या हातात घेऊनच ती आमच्या दारात.

"आक्का, आवाज न्हाय म्हणालतीस न्हवं?"

"कालपतोर न्हवता," मी म्हणाले. "आज आलाय."

कॉलेजात गेल्यावर तिनं चार पोरांबरोबर बँड काढला. आमच्याकडं बँड म्हटलं की लाल डगले घालून वरातीपुढं चालणारी माणसं, म्हणून मी विचारलं, कुणाच्या लग्नात वाजवणार? ती म्हणाली, कुणाच्याच नाही. मग वाजवायचं कशाला, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. त्यांच्या संगीताला रॉक म्हणतात आणि बँडचं नाव होतं 'धग'. सरावाला शहरात कोणी जागा देईना. शेवटी वडणग्याच्या रस्त्याला एक गुऱ्हाळ मिळालं. हंगाम संपला की ते रिकामंच पडायचं. गूळ नसला तरी वास होता, आणि मुंगळे होते.

चार पोरं आणि आमची एक पोर. मी हंबीररावाला म्हणाले, "राखणीला मी जातो." दोन वर्षं, हंगाम सोडून आठवड्यातनं तीनदा, मी जेवणाचा डबा आणि कड्यांची पिशवी घेऊन त्या गुऱ्हाळात जात होते. पत्र्याखाली त्यांचं सुरू झालं की मी कानात कापसाचे बोळे घालायची, भिंतीकडं तोंड करायची आणि कड्या जोडत बसायची. राखण म्हणे! त्या पोरांनी संयोगिताला उचलून बेळगावला नेलं असतं, तरी डबा उघडायची वेळ होईपर्यंत मला पत्ता लागला नसता. पोरं गरीब होती म्हणून निभावलं. डब्याच्या बाबतीत मात्र गरीब नव्हती.

पावण्यांना मी सांगायची, पोरगी भजनाच्या क्लासला जाते. हे खोटं हातकणंगल्याच्या पावण्यांनी इतकं मनावर घेतलं की नातवाच्या बारशाला तिला भजन म्हणायला बोलावलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पोरगी म्हणाली, "जाऊ की." गिटार घेऊन गेली. तिनं जे म्हटलं त्यात देवाचं नाव दोनदा आलं, तेही ओरडून. बाळ तेवढं रडायचं थांबलं. बाकीचे रडायला आले.

'धग'चा पहिला मोठा कार्यक्रम इथल्याच एका कॉलेजच्या मैदानावर झाला. मैदान भरलेलं. संयोगिता मधोमध उभी, केस सोडलेले, आणि सगळी पोरं तिच्या नावानं ओरडतायत. मला एकच कळलं, हिला दृष्ट लागणार. मीठ-मिरच्या मी घरनं बांधून आणल्याच होत्या. स्टेजच्या मागं एक घमेलं सापडलं. कोळसे कुठले तिथं, पुठ्ठे पेटवले आणि वरनं मिरच्या सोडल्या. वारा माझ्याकडनं स्टेजकडं. धूर पडद्याच्या फटीतनं पुढं गेला. पोरांना वाटलं ही बँडचीच करामत, त्यांनी टाळ्या पिटल्या. पण गाणारा पोरगा, विजयसिंह, त्याला ठसका लागला तो लागलाच. एक शब्द फुटेना. तेव्हा संयोगिता पुढं आली आणि दहा मिनिटं नुसती गिटार वाजवत राहिली. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, पण हात थांबला नाही. त्या दिवशी मैदानानं तिला डोक्यावर घेतलं.

"शब्द नसताना बी माणसं ऐकत्यात, हे मला तिथं कळलं," असं ती नंतर म्हणाली. म्हणजे बघा, मिरच्या शेवटी माझ्याच.

'धग' सात वर्षं धगधगली. पुणं झालं, बेंगळूर झालं, पेपरात फोटो आला. मग ढोल बडवणारा पोरगा शिरोलीत फाउंड्रीत लागला. विजयसिंहचं लग्न झालं आणि तो घरच्या गोठ्यात रमला. आता धारा काढताना गातो आणि म्हशी तक्रार करत नाहीत म्हणतो. बाकीचे दोघे पुण्याला संगणकापुढं जाऊन बसले. उरली आमची पोर. गिटार तिच्या खोलीत कोपऱ्यात उभी, आणि मी तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. रिकामी जागा मला बघवत नाही. सहा महिने पोरीनं तो टॉवेल उचलला नाही, की "आक्का, हे काय" असं म्हणाली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ज्या आवाजाच्या नावानं मी सात वर्षं बोटं मोडली, तो घरात नाही म्हटल्यावर मला जेवण जाईना. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

एका सकाळी टॉवेल दोरीवर दिसला. पुण्याच्या कुणी ओळखीच्यानं तिला विचारलं होतं, टीव्हीवरच्या मालिकेला पार्श्वसंगीत करशील का?

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"माणसं बोलत असत्यात तेव्हा मागं वाजतं ते."

"माणसं बोलत असताना वाजवायचं न्हाय, हेच तर तुला लहानपणापासनं सांगतोय!"

मालिका लागली. सासू वळली, धडाम्. दार उघडलं, धडाम्. कुकरची शिट्टी झाली तरी तीन बायकांची तोंडं तीनदा दाखवून तीनदा धडाम्. मी धोंडुबाईला शेजारी बसवून दर धडामला सांगायची, "ही आमची." धोंडुबाई एकदा वैतागून म्हणाली, "व्हय गं, कळलं. तुमची हाय म्हणूनच एवढी जोरात हाय."

चार वर्षं पोरीनं पुण्यात राहून धडाम् केलं. मला वाटलं, लागली मार्गी. ती मात्र सुट्टीला घरी आली की मालिका लागायच्या आत टीव्ही बंद करायची. एकदा जेवताना म्हणाली, "आक्का, मी माणसांना ढकलून रडवतो. ढकलल्यावर काय, कुणीबी रडंल."

मी म्हणाले, "भात घे."

याच्यापेक्षा शहाणं काही तेव्हा सुचलं नाही.

मग गेल्या वर्षी अमरसिंह आला. गगनबावड्याकडचा मुलगा, पहिलाच सिनेमा काढत होता. संयोगिताचं 'धग'मधलं वाजवणं त्यानं कॉलेजात असताना ऐकलं होतं, त्या मिरच्यांच्या दिवशी. संगीत हिचंच पाहिजे म्हणून हटून बसला. आमच्या पोरीचाही हा पहिलाच सिनेमा. तिनं मालिका सोडली आणि आठ महिने त्या एकाच कामाला लागली.

सिनेमाची गोष्ट एवढीच, की दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. एका लग्नात मानाची साडी कुणाला आधी द्यायची यावरनं बिनसलं आणि तीस वर्षं बोलत नाहीत. शेवटी थोरली आजारी आहे असं ऐकून धाकटी पावसात चालत तिच्या घरी येते आणि उंबऱ्यावर बसते. दोघी चहा पितात. बोलत कोणीच नाही. सिनेमा संपला.

अमरसिंह आमच्याकडं जेवायला आला होता तेव्हा त्यानं सहज विचारलं, "आक्का, तुम्हाला ओव्या येतात काय हो?"

"न येऊन काय! शंभर येत्यात."

येतात तीन. त्यातलीही एक निम्मीच. पण पावण्यानं विचारल्यावर मागं कसं सरायचं? मी डोळे मिटले आणि बसल्या जागी जुळवून सोडली:

"बहीण आली दारी, बसली उंबऱ्यात,
तीस वर्सांचं गं ऊन, आलं माझ्या घरात."

अमरसिंहनं हातातला घास ताटात ठेवला. डोळे भरलेले. "संयोगिता," तो म्हणाला, "शेवट सापडला."

संयोगितानं माझ्याकडं बघून मान हलवली. कशी हलवली, उभी का आडवी, ते मी बघितलं नाही. मी पुढची ओवी जुळवत होते.

आठवड्यानं एका खोलीत नेऊन त्यांनी माझा आवाज टिपला. मी इरकली नेसून, नथ घालून गेले होते. तिथं फोटो काढत नाहीत, हे गेल्यावर कळलं. नथीमुळं तोंडातली अक्षरं अडकायला लागली तेव्हा ती काढून ठेवावी लागली.

घरी येऊन मी फक्त धोंडुबाईला सांगितलं. "कुणाला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतो," ती म्हणाली.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. आमच्या तालीम मंडळाचा अध्यक्ष सम्राट कुठल्याही निमित्ताला थांबत नाही; पेठेतल्या कुत्रीला पिल्लं झाली तरी शुभेच्छुकांत त्याचा फोटो असतो. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'मंगळवार पेठेची कोकिळा, सर्वांच्या लाडक्या आक्का, यांची चित्रपटात गायिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली अकरा शुभेच्छुक, सगळे गॉगल घालून. मध्ये मी. फोटो माझ्या आधार कार्डावरचा, म्हणजे चोरीत सापडलेल्या बाईसारखा, आणि कानांवर त्यांनी संगणकानं मोठाले हेडफोन चढवलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पाच मिनिटं टिकलं. त्या दिवशी मी कोथिंबिरीला एकदा गेले, लिंबाला एकदा गेले आणि काही नको असताना एकदा गेले. तिन्ही वेळा चौकातनं.

मग संयोगिता चार दिवसांसाठी घरी आली. माझं गाणं सिनेमात घ्यायला माझी सही लागते, तो कागद अमरसिंहनं तिच्याजवळ दिला होता. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, कागद काही बॅगेतनं बाहेर येईना. मी सहीचा सराव करून बसलेली. शेवटी हंबीररावाला चहा देताना विचारलं, "हिचं काय बिनसलंय?"

त्यानं आधी कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, तिला ते गाणं शेवटाला नकोय. अमरसिंहला पाहिजेच हाय. तो म्हणतोय, गाणं काढायचं असलं तर तू पण नकोस, मुंबईचा माणूस बघतो. सोमवारपतोर सांग म्हणालाय."

"आणि ही काय म्हणती?"

"ही म्हणती, आठ महिन्यांचं काम गेलं तर जाऊ दे, पण आक्काला कळता कामा नये. चौकात फ्लेक्स लागलाय."

मला पोरीची दया यायला पाहिजे होती. आला तो राग. मी तशीच तिच्या खोलीत शिरले. "दाखव. माझ्या गाण्यात कुठं खोट हाय ते दाखव मला."

"आक्का, गाणं चांगलं हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. जा, पड जरा."

"दाखव म्हटलं की दाखवायचं!"

तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. पाऊस, कौलं, उंबऱ्यावर बसलेली धाकटी, आत चुलीपुढं थोरली. आणि माझा आवाज आला. काय सांगू! मी रडले. आता खोटं कशाला बोलू, स्वतःच्याच आवाजाला रडले. 'ऊन' वर जी काय लकेर घेतली होती, ती माझ्या आईलाही जमली नसती. सगळं संपल्यावर मी पदरानं डोळे पुसले.

"कसं वाटलं?" संयोगितानं विचारलं.

"झकास. तुला कळत न्हाय."

"चहा कुणी ओतला?"

"कसला चहा?"

"शेवटी. दोघी चहा पित्यात न्हवं? कुणी ओतला?"

"थोरलीनं. तिचंच घर, ती न्हाय तर कोण ओतणार?"

 तिनं तेच पुन्हा लावलं, माझ्या गाण्याशिवाय, तिचं स्वतःचं संगीत घालून.

संगीत म्हणायला फारसं काही नव्हतंच. पाऊस होता. मधूनच गिटारची एक तार वाजायची, लांबनं कुणीतरी हाक मारावी आणि अर्ध्यावर गप्प बसावं तशी. थोरलीनं चुलीवरचं पातेलं उचललं. तिचा हात कापत होता, वरचं झाकण खडखड वाजत होतं. तिथं तार थांबली. आता नुसतं झाकण. उंबऱ्यावरची धाकटी त्या आवाजानं उठली, आत आली, थोरलीच्या हातातनं पातेलं पदरानं धरून काढून घेतलं आणि दोन्ही कपांत तिनं चहा ओतला. थोरलीनं ओतू दिला.

"पावणीनं ओतला," मी म्हणाले.

"व्हय, आक्का. सगळा सिनेमा तेवढ्यासाठी हाय."

एक बाई तीस वर्षांनी बहिणीच्या घरात पाऊल टाकत होती आणि मी तिच्या डोक्यावर उभी राहून लकेर घेत होते. हुपरीत चाळीस वर्षं मी नव्या पोरींना एकच गोष्ट शिकवली. झाळ ही कडीला कडी धरून ठेवायला असते, मिरवायला नसते. झाळ जास्त घातली की पैंजण हाताला भारी लागतो, बघणारा खूश होतो, पण चांदीचा कस उतरतो. जास्त झाळ घातली म्हणून मी पोरींच्या हातावर फटके मारलेत. आणि आता अख्ख्या पैंजणावर ओतलेली झाळ म्हणजे मीच.

हे मी तिला तेव्हा बोलून दाखवलं असतं तर फार थोर ठरले असते. पण मी उठून आले. आमच्या खिडकीतनं फ्लेक्स दिसतो. सगळी दुपार मी तडजोडी काढण्यात घालवली. एकच ओवी ठेवावी. निम्मी ठेवावी. नुसता तो 'गं' ठेवला तर कुणाचं काय जातंय? पण डोळे मिटले की ते झाकण खडखडायचं आणि माझा 'गं' सुद्धा त्यात मावायचा नाही.

पाच वाजता मी हंबीररावाच्या फोनवरनं अमरसिंहला फोन लावला.

"आक्का! झाली का सही?"

"सही न्हाय करत."

तो गडबडला. "का हो? संयोगितानं काय सांगितलं तुम्हाला?"

"जा, पड जरा, म्हणून सांगितलं. मी तेवढं पण ऐकलं न्हाय."

"आक्का, तुमचं गाणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो."

"माझ्याबी आला. म्हणूनच म्हणतो, काढा. मला चहा कुणी ओतला ते दिसलंच न्हाय."

"काय?"

"मला वाटलं थोरलीनं ओतला. जन्म चुलीपुढं गेलाय माझा. मला दिसलं न्हाय तर दुसऱ्या कुणाला दिसणार? तुमच्या त्या बाईनं पातेलं कसलं धरलंय हो पदरानं! आणि वरनं मी बोंबलतोय. त्या बाईपुढं मला माझीच लाज वाटाय लागली."

 मग तो म्हणाला, "तुम्ही न्हाय म्हणाला तर मला दुसरी गाणारी बघाय लागंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गायचं नाही म्हटलं की महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या संपल्या, असा माझा हिशेब होता.  तरी म्हणाले, "बघा की. पण आधी माझं गाणं घालून कुणाला तरी दाखवा, आणि चहाचं विचारा. एवढं करा, मग काय पाहिजे ते करा."

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

रविवार गेला. संयोगिताला बापाकडनं कळलंच. मी लसूण सोलत होते, ती येऊन शेजारी बसली.

"फोन केलतास?"

"केलता."

"मला विचारायचं तरी."

"तू मला विचारलंवतंस?"

तिनं एक पाकळी उचलली आणि नखानं सोलायला लागली. "सिनेमा हातचा गेला तर, आक्का?"

"तर माझ्यामुळं गेला म्हण. माझ्यामुळं तुझं लई काय अडलंय, त्यात आणि एक."

"तुला वाईट वाटलं?"

"लई," मी म्हणाले. यात मात्र खोटं काही नव्हतं.

सोमवारी अमरसिंह फोन न करता स्वतःच आला. गगनबावड्याहून थेट आमच्या दारात, अंगावरचा पाऊस तसाच. बसला पण नाही. म्हणाला, "आईला आणि मावशीला दाखवलं. तुमचं गाणं घालून. दोघी ढसाढसा रडल्या."

संयोगितानं मान खाली घातली.

"मग चहाचं विचारलं. आई म्हणाली, थोरलीनं. मावशी म्हणाली, कसला चहा?"

मी तोंडाला पदर लावला, कारण हसू येत होतं आणि ती वेळ नव्हती. तो संयोगिताकडं वळला. "तुझंच ठेवू. हाय तसं." ती "बरं" म्हणून आत गेली. घटकाभरानं खोलीतनं गिटार ऐकू आली, आणि धोंडुबाईनं भिंतीवर नेहमीप्रमाणं दोन थापा मारल्या.

राहिला फ्लेक्स. सम्राटला सांगायचं माझ्या जिवावर आलं. वारं सुटावं म्हणून देवाला सांगून बघितलं, पण तो फ्लेक्स चांगल्या मालाचा निघाला. पावसाळा गेला, थंडी गेली. मी हेडफोन घालून चौकात उभीच. आणि सिनेमा लागला त्या दिवशी पेठेतली चाळीस माणसं दोन टेम्पो करून निघाली. सम्राटनं हार आणला होता. मी टेम्पोत पुढं बसून सगळ्यांकडं बघून हसत होते. आज सांगते, उद्या सांगते करता करता थेटर आलं.

मी मधल्या रांगेत, एका बाजूला संयोगिता, दुसऱ्या बाजूला धोंडुबाई. सिनेमाभर आमच्या लोकांची बडबड चालू. "ही गगनबावड्याची एसटी बघ." "ती म्हातारी बाळाबाईसारखी दिसती." संयोगिता दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. मग शेवट आला. पाऊस, कौलं, उंबरा. मागनं सम्राट उठला आणि दबक्या आवाजात, म्हणजे सगळ्या थेटराला ऐकू जाईल इतपत, म्हणाला, "गप बसा रे सगळी! आक्काचं गाणं आलं!"

चाळीस माणसांनी एकदम श्वास धरला. त्यांच्याकडं बघून बाकीचं थेटरही गप्प झालं. काय होतंय म्हणून चिवड्याची पुडी सोडणारा माणूस सुद्धा तसाच थांबला. त्या शांततेत एक तार वाजली. थांबली. आणि झाकण खडखडायला लागलं. कोल्हापुरात एवढी माणसं एका ठिकाणी इतकी गप्प मी कधी बघितली नव्हती. सगळी माझ्या गाण्याची वाट बघत होती आणि बघता बघता त्या पातेल्याकडं बघायला लागली. धाकटी उठली तेव्हा माझ्या मागनं कुणीतरी "आगं आई" म्हणालं, अगदी हळू. संयोगितानं खुर्ची सोडली आणि माझा हात धरला.

संपलं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. सम्राट हार मांडीवर घेऊन बसलेला. मग पुढं वाकून म्हणाला, "आक्का, गाणं?"

"काढलं."

"कुणी?"

"मीच."

त्यानं हार बाजूला ठेवला. "बरं केलंसा," म्हणाला आणि नाक शिंकरायला लागला.

मी धोंडुबाईला हळूच विचारलं, "चहा कुणी ओतला गं?"

"धाकटीनं की," ती डोळे पुसत खेकसली. "एवढं बी दिसत न्हाय तुला?"

माणसं उठायला लागली आणि पडद्यावर नावं सुरू झाली. मी उभी राहून ओरडले, "बसा खाली सगळी! आमचं नाव यायचंय!" चाळीस माणसं परत बसली. नावं खालनं वर चाललेली. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, अक्षराला अक्षर लावून वाचणार. 'सं' लावलं, 'यो' लावलं, तोवर ते वर निघून गेलं.

"गेलं?"

"गेलं, आक्का."

"परत लावा म्हणावं."

"थेटरात परत लावत न्हाईत गं."

दुसऱ्या दिवशी मी धोंडुबाईला घेऊन दुपारच्या खेळाला गेले. 'संयोगिता' पुरं झालं. गेल्या आठवड्यात एकटीच गेले, तेव्हा 'हंबीरराव' पर्यंत पोचले. आडनाव राहिलंय. भोजे आहे, मला माहीत आहे, पण वाचायचं राहिलंय. शुक्रवारी सिनेमा उतरणार म्हणतात. उद्या दुपारी जाऊन येते.